मुंबईत चिखल, आमच्याकडे फुफाटा

वाचकांचे प्रश्न. यावेळचा विषय: खान्देशातला पाऊस

मागच्या अंकात म्हटलं होतं की पावसाबद्दल जे विचारायचंय ते व्हॉट्सॲपवर पाठवा, तर लोकांनी पाठवलं, आणि बहुतेकांनी रात्री दहानंतर पाठवलं, म्हणजे अंगणात खाटेवर पडून आभाळाकडे बघत टाईप केलेलं दिसतंय. एका व्हॉइस मेसेजमध्ये तर नुसता वारा ऐकू येतो आणि शेवटी एवढंच, "भो, पानी कव्हय पडी?" त्या भाऊंना तारीख देणं माझ्या हातात नाही, बाकीच्यांना सांगतो. नावं गाळली आहेत, गाव तेवढं ठेवलंय.

पारोळ्याहून एक शेतकरी: टीव्हीवर सांगतात मान्सून राज्यात दाखल झाला, मुंबईत लोकल बंद पडल्या. इकडे आमच्या वावरात ट्रॅक्टर गेला की पाच मिनिटं समोरचं दिसत नाही एवढा फुफाटा. मग हा मान्सून आला तरी कुठे?

दादा, सगळा घोळ "आला" या शब्दाचा आहे. मान्सून म्हणजे पाऊस नाही, मान्सून म्हणजे वारा. मूळ अरबी शब्द मौसिम, आपण मोसम म्हणतो तोच. वर्षातून एकदा वारा आपली दिशा फिरवतो, आणि समुद्राकडून ओल घेऊन जमिनीकडे यायला लागतो, त्या फिरण्याला मान्सून म्हणतात. तो केरळात आला हे ठरवायला हवामान खात्याचे पक्के निकष आहेत: ठरलेली १४ केंद्रं, १० मेनंतर त्यातल्या निदान ६० टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस अडीच मिलिमीटर किंवा जास्त पाऊस, शिवाय समुद्रावरचा पश्चिमेचा वारा किती उंचीपर्यंत आणि किती जोरात आहे, ढग किती दाट आहेत, असं सगळं जमलं की जाहीर करतात. तिथून मग नकाशावरची रेषा वर सरकत जाते. ती रेषा जळगाव-धुळ्यावरून गेली म्हणजे तुमच्या बांधावर पाऊस पडलाच पाहिजे असं कुणी म्हटलेलं नाही.

२०२५ चंच बघा. केरळात २४ मेला आला, मुंबईत २६ मेला, मुंबईत इतक्या लवकर आल्याची नोंदच नव्हती. आपल्याकडे लोकांनी बी-बियाण्याच्या दुकानासमोर रांगा लावल्या आणि तो पुढे दोन आठवडे जागचा हललाच नाही. नेहमीची तारीख धरली तर केरळ १ जून, मुंबई ११ जून, आणि आपल्याकडे जूनचा मध्य धरून चाला.

पण खरी गोष्ट तारखेची नाहीच. मुंबईत पडतो तो पाऊस मुळात आपला नाही. अरबी समुद्रावरून येणारा ओला वारा सह्याद्रीला धडकतो, वर चढावं लागतं, वर चढला की थंड होतो, थंड झाला की त्याला ओल धरून ठेवता येत नाही, सांडतो. कोकणात आणि घाटमाथ्यावर सांडून झालं की उरलेला वारा इकडे उतरतो, उतरताना परत तापतो, आणि ढग विरतात. म्हणून जूनमध्ये आपल्याकडे काळे ढग पळताना दिसतात आणि पडत मात्र काही नाही, नुसता वारा सुटतो, पत्रे वाजतात.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर जुलैमध्ये सुरतहून धुळ्याला रस्त्याने या. नवापूरला दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, बायका गुडघाभर पाण्यात लावणी करतायत, बसच्या काचा पुसून पुसून कंडक्टर वैतागलेला. मग विसरवाडी, मग कोंडाईबारीचा घाट. घाट ओलांडून साक्रीकडे आलात की पाऊण तासात वायपर बंद करावा लागतो, बाजरीचं शेत, निवडुंग, मेंढरं. तोच वारा, तोच दिवस. नवापूर-अक्कलकुव्याकडे वर्षाला हजार मिलिमीटरच्या पुढे पडतो आणि साक्री-शिंदखेड्याला जवळपास निम्मा. एकाच खान्देशात.

मग आपल्याला पाऊस देतो कोण? तर बंगालचा उपसागर. जुलै-ऑगस्टमध्ये तिकडे कमी दाबाची क्षेत्रं तयार होतात, ओडिशात शिरतात, छत्तीसगड, मध्य प्रदेश करत पश्चिमेकडे सरकतात. वारा त्यांच्याभोवती घड्याळाच्या उलटा फिरतो, आणि सगळ्यात दाट पाऊस त्यांच्या नैऋत्य बाजूला पडतो. आता नकाशा डोळ्यासमोर आणा, कमी दाब मध्य प्रदेशात आला की त्याच्या खाली आणि नैऋत्येला कोण बसलंय? सातपुडा आणि आपण. वर तापीचं खोरं पश्चिमेला सुरतकडे उघडं आहे, तिथून अरबी समुद्राची ओलही आत ओढली जाते. म्हणजे आपली झड लागते ती पूर्वेकडच्या पाहुण्यामुळे, आणि आपण मात्र अख्खा जून मुंबईच्या बातम्या बघत बसतो. मी गेली कित्येक वर्षं घरात सांगतोय, मुंबई बघू नका, ओडिशाच्या किनाऱ्यावर काय चाललंय ते बघा, तिथे कमी दाब झाला की साधारण तीन-चार दिवसांनी आपल्याकडे आभाळ भरतं. नेहमीच असं नाही, कधी तो उत्तरेला वळून दिल्लीकडे जातो आणि आपण कोरडे राहतो, पण मुंबईच्या लोकलपेक्षा हा अंदाज बरा.

भुसावळहून एक ताई: इथे थेंब नाही आणि हतनूर धरणाचे दरवाजे उघडले म्हणून नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा. हे पाणी येतं कुठून?

ताई, वरच्याच उत्तराची शेपटी आहे ही. तापी उगम पावते मुलताईला, मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यात, आणि पूर्णा येते मेळघाट-विदर्भाकडून, दोघी चांगदेवला भेटतात, तिथून जवळच हतनूर. तिकडे कमी दाबाने धो-धो पाऊस दिला की तो आपल्याकडे पोहोचायच्या आधी नदीतून येतो. ४१ दरवाजे त्यासाठीच आहेत. नदी गढूळ दिसायला लागली तर समजा, पाहुणा निघालाय.

यावलहून केळीवाले काका: मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला. आजी म्हणायची जेवढं तापेल तेवढं पडेल. यंदा भरपूर पडेल ना?

काका, तुमची केळी बांधावरून करपत होती तेव्हा निदान हा तरी दिलासा असावा असं कुणालाही वाटेल. पण आजीचं अर्धंच खरं आहे.

खरं एवढंच की जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तापली की वरची हवा हलकी होऊन वर जाते, तिची जागा घ्यायला समुद्राकडून हवा येते. हे १६८६ मध्येच एडमंड हॅलीने मांडलं होतं, तोच, धूमकेतूवाला. शाळेत आपण हेच शिकलो आणि शिकवलंही. पण यात एक मोठं भोक आहे आणि ते तुम्हीच शोधू शकता: जमीन सगळ्यात जास्त तापते मे महिन्यात, पाऊस सगळ्यात जास्त पडतो जुलै-ऑगस्टमध्ये, तेव्हा तर जमीन थंड झालेली असते. नुसत्या जमिनीच्या तापण्यावर चालत असतं तर मान्सून जुलैत बंद पडायला हवा होता. सिम्पसन नावाच्या हवामानशास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वीच हा मुद्दा काढला होता.

मग चालतं कशावर? जमिनीवर नाही, काही किलोमीटर वर. मे संपता संपता उत्तर भारत आणि तिबेटच्या वरची हवा दक्षिणेकडच्या समुद्रावरच्या हवेपेक्षा गरम होते, एरवी वर्षभर उलटं असतं. हिमालय भिंतीसारखा उभा असल्याने उत्तरेची कोरडी थंड हवा खाली येऊन ही गरम ओली हवा मोडत नाही. विषुववृत्ताच्या खालून निघालेला वारा सोमालियाच्या किनाऱ्याजवळून वळतो, पृथ्वी फिरते म्हणून उजवीकडे कलतो, आणि नैऋत्येकडून आपल्यावर येतो. आणि एकदा पाऊस सुरू झाला की वाफेचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते, समुद्रावर पाण्याची वाफ व्हायला जी लागली होती तीच, ती वरच्या हवेला तापवते, म्हणून आणखी वारा ओढला जातो. म्हणजे पाऊस स्वतःच स्वतःची भट्टी पेटती ठेवतो. चुलीला पहिली काडी उन्हाळा लावतो, पुढचं लाकूड समुद्र पुरवतो.

त्यामुळे भुसावळला ४६ झालं काय आणि ४३ झालं काय, त्यावरून ऑगस्टचा पाऊस सांगता येत नाही. आपल्याकडे एवढं तापतं ते वायव्येकडून कोरडा वारा येतो म्हणून आणि जमिनीत ओल शिल्लक नसते म्हणून. आजीला सांगू नका एवढं.

शिरपूरहून: यंदा मृगाचं वाहन बेडूक. पाऊस चांगला?

वाहन कसं ठरतं ते सांगतो, मग तुम्हीच ठरवा. सूर्य नक्षत्र बदलतो त्या वेळी सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, येईल त्या आकड्याला नऊने भागायचं, जी बाकी उरते तिला एक प्राणी ठरलेला आहे, बेडूक, म्हैस, मोर, गाढव वगैरे. झालं. यात ढग कुठेच नाही, आणि जो बेडूक तुम्हाला तोच महाबळेश्वरला. तिथे आणि शिरपूरला सारखा पाऊस पडल्याचं कुणी बघितलंय का?

नक्षत्रं मात्र मी टाकून देणार नाही. ती सूर्यावर चालतात म्हणून तारखा जवळपास पक्क्या असतात, मृग ७-८ जूनला, आर्द्रा २१-२२ जूनला, मघा ऑगस्टच्या मध्याला. "पडतील मघा, नाहीतर वरती बघा" ही म्हण ज्याने केली त्याने ऑगस्टमधला पावसाचा खंड चांगलाच भोगलेला असणार. फक्त एक आहे, या तारखा साधारण ७२ वर्षांनी एक दिवस पुढे सरकतात, म्हणजे तीनशे वर्षांपूर्वीचा मृग आजच्यापेक्षा चार दिवस आधी लागायचा. पाऊस काही त्यांच्यासोबत सरकत नाही.

आणि हो, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या घरी अजून घागरीखाली चार महिन्यांची चार ढेकळं ठेवतात, जे जास्त भिजेल त्या महिन्यात पाऊस जास्त. माझी बायको ठेवते, मी गप्प बसतो. घागर झिरपते कुठून त्यावर ते अवलंबून आहे हे एकदाच बोललो होतो.

धुळ्याहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी एक विद्यार्थिनी: एल निनो असला की दुष्काळ पडतोच का? क्लासमध्ये तसंच सांगतात.

पडतोच असं लिहिलंस तर मार्क जातील. एल निनो म्हणजे प्रशांत महासागराचा मधला-पूर्वेचा पट्टा नेहमीपेक्षा गरम होणं. तिथे गरम झालं की हवा तिथे वर चढते, आणि जी वर चढते ती कुठेतरी खाली बसते, ती बसण्याची जागा पुष्कळदा आपण असतो. २००२ मध्ये देशात सरासरीच्या ८१ टक्के पाऊस, २००९ मध्ये ७८, दोन्ही एल निनोची वर्षं. २०२३ लाही एल निनो, आणि त्या वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनचा देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट. पण १९९७ चा एल निनो शतकातल्या सगळ्यात जोरदारांपैकी एक होता आणि पाऊस १०२ टक्के! कारण हिंद महासागरातच पश्चिमेची बाजू गरम आणि पूर्वेची थंड अशी स्थिती झाली होती, ती आपल्याला मदत करते, इंडियन ओशन डायपोल म्हणतात तिला. म्हणून "शक्यता वाढते" असं लिही. आणि गिल्बर्ट वॉकर हे नाव लक्षात ठेव, १९०४ पासून वीस वर्षं भारतातल्या हवामान खात्याचे प्रमुख होते, मुळात गणिती, आपल्याकडच्या दुष्काळाचा हिशोब लावता लावता त्यांना प्रशांत महासागरावरच्या हवेच्या दाबाचा झोका सापडला.

आणि देशाची सरासरी म्हणजे आपली नव्हे. देशात चार महिन्यांत साधारण ८७ सेंटीमीटर पाऊस पडतो, १०० टक्के म्हटलं तरी त्यात मेघालयही आलं आणि बारमेरही.

चाळीसगाव तालुक्यातून: दोन दिवसांत ४० मिलिमीटर झाला. सगळे सरकी लावतायत. लावू का?

भाऊ, या प्रश्नाला मी जरा जास्तच वेळ देणार, कारण मी स्वतः पोळलोय.

आमचं साडेतीन एकर कोरडवाहू आहे. काही वर्षांपूर्वी मृगात असाच एक दणका पडला, वळवाचा, संध्याकाळी वीजा, वारा, अर्ध्या तासात नाला वाहिला. मोबाईलवर एका ॲपमध्ये पुढचे सातही दिवस ढग आणि थेंबाचं चित्र. शेजाऱ्याने सकाळी सरी पाडल्या, मला राहवलं नाही, मीही सरकीची पाकिटं फोडली. पाचव्या-सहाव्या दिवशी कोंब वर आले, मऊ, हिरवे, फार गोड दिसत होते. त्यानंतर सतरा दिवस पाऊस नाही. रोज सकाळी जाऊन बघायचो, आधी दुपारी माना टाकायचे, मग सकाळीही टाकलेल्याच असायच्या, मग ओळीत नुसते वाळलेले काड्यांचे तुकडे. ॲपमध्ये ढग अजून होतेच. दुसऱ्यांदा पाकिटं आणली, उधारीने. वडील तेव्हा होते, पेरायच्या दिवशी काही बोलले नव्हते, दुसऱ्या पेरणीला फक्त एवढं म्हणाले, "खालची माती पाह्यली होती का?"

नव्हती पाहिली. वळवाचा पाऊस असा फसवतो, वरचं चार बोटं चिखल होतो आणि खाली भाजलेली माती तशीच. वळीव आणि मान्सूनचा पाऊस यांत फरक ओळखायला शिका: वळीव दुपारनंतर येतो, उंच पांढरा डोंगरासारखा ढग, वारा आधी, वीजा, कधी गारा, एका शिवारात पडेल आणि रस्त्यापलीकडे नाही. मान्सूनचा पाऊस रात्री-अपरात्री कधीही, वारा एका दिशेने नैऋत्येकडून, आभाळ सगळीकडून राखाडी, वीजा कमी, आणि भिज लावणारा.

कृषी खातं सांगतं की ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका, ते काळ्या जमिनीसाठी अगदी बरोबर आहे. पण आकडा तुमच्या शेताचा हवा. महसूल मंडळाच्या हवामान केंद्रात ४० आला म्हणजे तुमच्या बांधावर १५ असू शकतो. पत्र्याचा चौकोनी डबा घ्या, वरचं तोंड पूर्ण कापा, कडा सरळ हव्यात, उघड्यावर झाडापासून लांब ठेवा, आणि सकाळी साडेआठला आत मोजपट्टी बुडवा. पाण्याची उंची जितके मिलिमीटर तितका पाऊस, डबा लहान असो की मोठा. साडेआठ का, तर हवामान खातंही २४ तासांचा पाऊस तेव्हाच मोजतं, जुळवायला सोपं. एक मिलिमीटर म्हणजे एकरभर जमिनीवर साधारण चार हजार लिटर पाणी, २५ मिलिमीटर झाला तर लाखभर लिटर, दहा हजाराचे दहा टँकर. फुकट.

आणि मग खुरपी घेऊन वीतभर खाली जा. तिथली माती मुठीत दाबा, गोळा व्हायला हवा, आणि बोटाने टोचला की फुटायला हवा. गोळाच झाला नाही तर थांबा. गोळा झाला पण फुटत नाही, हाताला चिकटतोय, तरीही एक-दोन दिवस थांबा, वाफसा येऊ द्या. ठिबक आणि विहिरीला पाणी असणाऱ्यांचा हिशोब वेगळा, त्यांनी मे अखेरीलाच लावलेली असते. पावसाआधीच कोरड्या मातीत धूळपेरणी करणारेही आहेत, ते तो जुगार जाणून खेळतात. ४० मिलिमीटरवर कोरडवाहूत मी लावणार नाही.

जामनेरहून: यलो अलर्ट दिला आणि दिवसभर कडक ऊन. हे लोक अंदाज देतात की टाईमपास करतात?

अलर्टच्या खाली बारीक अक्षरात "तुरळक ठिकाणी" लिहिलेलं होतं का बघा. त्याचा अर्थ त्या भागातल्या २५ टक्क्यांपर्यंत ठिकाणी. म्हणजे चारातले तीन गावं कोरडी राहिली तरी अंदाज बरोबर! "काही ठिकाणी" म्हणजे ५० टक्क्यांपर्यंत, "बहुतांश ठिकाणी" म्हणजे पाऊणपेक्षा जास्त. हा शब्द वाचायचा, रंग नंतर. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हला. तरी तुमचा राग मला कळतो, चार गावांपैकी आपलंच कोरडं राहतं असं प्रत्येक गावाला वाटतं.

अमळनेरहून, सहावीतला मुलगा, आईच्या मोबाईलवरून: पहिल्या पावसात मातीचा वास का येतो? आणि नंतरच्या पावसात का येत नाही?

बाळा, तो मातीचा नसतोच. मातीत अगदी बारीक जिवाणू राहतात, ते जिओस्मिन नावाचा पदार्थ तयार करतात, उन्हाळाभर तो कोरड्या मातीत साठून राहतो. थेंब पडला की मातीच्या छिद्रांतली हवा थेंबात अडकते, बारीक बुडबुडे होऊन वर येतात आणि फुटतात, सोडा वॉटरसारखे, आणि त्या तुषारांबरोबर वास उडतो. आपल्या नाकाला तो इतक्या कमी प्रमाणात कळतो की नुसती चिमूटभर माती ओली केलीस तरी येईल. नंतर येत नाही कारण साठलेला बराचसा निघून गेलेला असतो आणि माती आधीच ओली असते, बुडबुडे होत नाहीत. हलक्या सरीत वास जास्त येतो, धो-धो पावसात कमी. उन्हात वाळवलेली काळी माती एका ताटलीत आणि नदीची वाळू दुसऱ्या ताटलीत घे, दोन्हींवर ड्रॉपरने पाणी टाक आणि कुठली जास्त वास देते ते मला कळव. आईच्याच मोबाईलवरून चालेल.